खिळा वर राहतो म्हणून हवेचा दाब वाढवू नका: नेल गन आधी तपासायची कशी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: १८ गेजची ब्रॅड नेल गन, म्हणजे हवेच्या दाबावर बारीक खिळे मारणारी बंदूक, दोन वर्षं छान चालली. आता दर तीन-चार खिळ्यांमागे एखादा खिळा पूर्ण बसत नाही, डोकं दोन-तीन मिलिमीटर वर राहतं. मधूनच रिकामा ठोका पडतो, खिळा निघतच नाही. बंदूक नुसती हातात धरली तरी मागच्या बाजूने बारीक फुसफुस ऐकू येते. तुम्ही दाब ९० वरून १२० पीएसआयवर नेला, तेलही घातलं, पण फरक पडला नाही. आता उघडावी की नवी घ्यावी, हे तुम्हाला ठरवायचं आहे.

आधी दाब परत ९० वर आणा, मग पुढचं वाचा. दाब वाढवून बिघाड झाकता येतो, काढता येत नाही. पिस्टन खाली येऊन ज्या रबरी बंपरवर आदळतो, त्याच्यावर त्या जास्तीच्या जोराचा सगळा मार बसतो. बंपर फुटला की त्याचे तुकडे सिलिंडरमध्ये फिरतात आणि लहान दुरुस्तीची मोठी होते. शिवाय बंदुकीच्या अंगावर कमाल दाब कोरलेला किंवा छापलेला असतो. ब्रॅड गनला तो सहसा १०० ते १२० पीएसआयच्या आसपास असतो, म्हणजे साधारण ७ ते ८ बार. तुम्ही त्या मर्यादेला टेकला आहात किंवा ती ओलांडली आहे. रोजचं काम मर्यादेच्या बऱ्याच खाली, खिळा जेमतेम बसेल एवढ्याच दाबावर करायचं असतं.

तुमच्या प्रश्नात मला तीन वेगळ्या तक्रारी दिसतात: खिळा अपुरा बसणं, रिकामा ठोका आणि गळती. तिन्हींचं मूळ एक असू शकतं, दोन असू शकतात. बंदूक समोर नसताना मी छातीठोकपणे एकच कारण सांगू शकत नाही. पण शोधायचा क्रम सांगू शकतो. मी बारा-तेरा वर्षं फर्निचरच्या कामात या बंदुका वापरल्या, आणि गेली काही वर्षं इतरांच्याही दुरुस्त करतो. बिघाड शोधण्यातली निम्मी मेहनत बंदूक न उघडताच होते, हे मला त्यातून कळलं.

पहिली चाचणी अगदी सोपी आहे. लाकडाचा टाकाऊ तुकडा घ्या, एक खिळा मारा, दहा-पंधरा सेकंद थांबा, मग दुसरा मारा. असे आठ-दहा मारा. त्यानंतर त्याच लाकडात तेवढेच खिळे भराभर मारा. थांबून मारलेले सगळे नीट बसले आणि भराभर मारताना तिसऱ्या-चौथ्यापासून डोकं वर राहू लागलं, तर बंदुकीला हवा वेळेवर पोहोचत नाही. थांबून मारलेलेही मधूनच वर राहिले, तर दोष बंदुकीत आहे. लोक ही चाचणी न करता सरळ स्क्रू काढायला बसतात, आणि शेवटी दोष चिमटलेल्या नळीत निघतो.

दोष हवेचा निघाला तर रेग्युलेटरचा (दाब ठरवणाऱ्या झडपेचा) काटा पाहून समाधान मानू नका. हवा वाहत नसताना नळीच्या दोन्ही टोकांना दाब सारखाच असतो, त्यामुळे काटा ९० दाखवत राहतो. खरा आकडा ठोका पडतानाचा. बंदुकीला नळी जोडते तिथे एक छोटा दाबमापक गेज जोडून पाहा. सलग पाच-सहा ठोक्यांत काटा ५-१० पीएसआय हलला तर मी काळजी करत नाही. तो २०-३० ने खाली बसून हळूहळू चढत असेल तर वाटेत काहीतरी तुंबलंय. बारीक छिद्राची गुंडाळी नळी, एकापुढे एक लावलेले दोन-तीन कपलर (नळी जोडायचे जोड), गच्च भरलेला फिल्टर, आतून सोललेली जुनी नळी, यांपैकी काहीतरी सापडतं. ब्रॅड गन हवा कमी खाते, म्हणून ६ मिलिमीटर आतल्या व्यासाची नळी दहा मीटरपर्यंत चालून जाते. मोठी फ्रेमिंग गन त्याच नळीवर लगेच हाफू लागते.

आता बंदुकीकडे. ती कशी चालते हे डोळ्यांसमोर असेल तर गळती कुठली ते आपोआप कळतं. हवा मुठीत आणि सिलिंडरच्या भोवती भरून थांबलेली असते. वर एक हेड व्हॉल्व्ह सिलिंडरचं तोंड दाबून बसलेला असतो, आणि त्यालाही वरून हवेचाच दाब धरून ठेवतो. ट्रिगर दाबला की ट्रिगर व्हॉल्व्ह ती वरची हवा बाहेर सोडतो. हेड व्हॉल्व्ह उचलला जातो आणि साठलेली हवा पिस्टनवर तुटून पडते. पिस्टनचा व्यास ३ सेंटीमीटर आणि दाब ७ बार धरला तर पिस्टनवर जवळपास ५० किलो वजनाचा जोर येतो. पिस्टनला जोडलेली पोलादी पट्टी, म्हणजे ड्रायव्हर, डिंकाने जोडलेल्या खिळ्यांच्या पट्टीतून एक खिळा तोडून लाकडात घालते. पिस्टन खाली पोहोचता पोहोचता सिलिंडरच्या भोकांतून थोडी हवा बाहेरच्या एका कप्प्यात भरते. ट्रिगर सोडला की हेड व्हॉल्व्ह बंद होतो, पिस्टनवरची हवा एक्झॉस्टमधून निघून जाते आणि कप्प्यातली हवा पिस्टनला परत वर ढकलते. ब्रॅड गनमध्ये बहुधा पिस्टन परत आणायला स्प्रिंग नसते. हवाच त्याला खाली आणते आणि हवाच वर नेते. म्हणून आतलं एखादं रबर थकलं की ठोका आणि परतीचा प्रवास, दोन्ही बिघडतात.

गळती शोधताना मॅगझिनमधले खिळे काढा, चष्मा लावा, बंदुकीचं तोंड जमिनीकडे ठेवा आणि बोट ट्रिगरपासून दूर ठेवून नळी जोडा. मग कान लावा. नुसत्या कानाने कळलं नाही तर साबणाचं पाणी ब्रशने सांध्यांवर लावा, बुडबुडे जागा दाखवतात.

ट्रिगर न दाबता वरच्या एक्झॉस्टमधून हवा येत असेल तर हेड व्हॉल्व्हची ओ-रिंग (हवा अडवणारी गोल रबरी कडी) किंवा त्याचं बसण्याचं रबर गेलं आहे. तुम्ही मागच्या बाजूने म्हणता, म्हणजे बहुतेक हीच जागा असावी. हवा ट्रिगरच्या दांडीजवळून येत असेल तर ट्रिगर व्हॉल्व्हच्या छोट्या ओ-रिंग गेल्या. इथे एक गफलत होते. ट्रिगर व्हॉल्व्ह गळत असेल तर हेड व्हॉल्व्हवरचा धरून ठेवणारा दाबही कमी होतो, तो अर्धवट उचलला जातो आणि हवा एक्झॉस्टमधूनही येऊ लागते. अशा बंदुकीत नुसता हेड व्हॉल्व्ह बदलून काम होत नाही. म्हणून दोन्ही जागी कान लावल्याशिवाय निष्कर्ष काढू नका. झाकण आणि अंग यांच्या सांध्यातून हवा येत असेल तर आधी स्क्रू आवळून पाहा. ठोक्यांच्या हादऱ्याने ते खरोखरच ढिले होतात.

तिसरी जागा ट्रिगर दाबल्यावरच कळते. खिळे नसताना तोंड लाकडावर टेकवून एकदाच ट्रिगर दाबा आणि धरून ठेवा. खाली नाकातून, म्हणजे खिळा निघतो त्या तोंडातून, हवेचा झोत सतत येत राहिला तर पिस्टनची रिंग झिजली आहे किंवा बंपर ड्रायव्हरभोवती नीट बसत नाही. ही चाचणी एक-दोनदाच करा, कारण रिकामे ठोके बंपरचं आयुष्य खातात.

मग नळी काढून टाका. यापुढचं सगळं नळी काढूनच करायचं. नाक उघडून ड्रायव्हरचं टोक पाहा. बंदूक निवांत असताना ते वर, खिळ्याच्या वाटेबाहेर असायला हवं. ते थोडं खाली उतरून थांबलं असेल तर पुढचा खिळा वाटेत येऊच शकत नाही. तुमच्या रिकाम्या ठोक्यांचं उत्तर बहुधा तिथेच आहे. बोथट दांडीने ड्रायव्हर वर ढकलून पाहा. तो हलका विरोध करत सरकला आणि सोडल्यावर तिथेच थांबला तर ठीक. स्वतःच्या वजनाने घसरून खाली आला तर रिंग झिजली आहे. ढकलताना अडखळला तर आत बंपरचा तुकडा आहे, ड्रायव्हर वाकला आहे किंवा वाळलेलं तेल चिकट झालं आहे.

ड्रायव्हर व्यवस्थित वर येतो आणि तरी ठोके रिकामे पडतात, तर मॅगझिन तपासा. खिळे पुढे रेटणारी स्प्रिंग थकली असेल, वाटेत धूळ आणि खिळ्यांच्या डिंकाचा थर असेल. मॅगझिनमध्ये तेल घालू नका, भुसा त्यात बसून लगदा होतो. कोरड्या कापडाने पुसा आणि पट्टी बोटाने सरकवून पाहा. ओलाव्यात पडलेल्या खिळ्यांचा डिंक सैल होतो, पट्टी मध्येच तुटते आणि सुटा खिळा आडवा होऊन अडकतो. शंका असेल तर नव्या डब्यातली पट्टी घालून बघा. कधीकधी एवढ्यानेच काम होतं.

ड्रायव्हरचं टोकही भिंगाखाली बघा. १८ गेजचा खिळा जेमतेम सव्वा मिलिमीटरचा, त्यामुळे टोकाचा कोपरा किंचित गोल झाला तरी ड्रायव्हर डोक्यावरून घसरतो किंवा शेजारच्या खिळ्यालाही ओढतो. काही जण टोक घासून सरळ करतात. बारीक दगडावर अगदी थोडं घासलं तर चालतं, पण तेवढा ड्रायव्हर आखूड होतो आणि खिळा तेवढाच वर राहतो. ग्राइंडरवर तापून निळा पडला तर पोलादाचा कडकपणाच जातो. मी स्वतः टोक गेलेला ड्रायव्हर बदलतो.

बंदूक उघडायची वेळ आली तर घाबरू नका, पण घाईही नको. मॉडेल क्रमांक पाहून त्याच बंदुकीचा ओ-रिंगचा संच मागवा. अंदाजाने जवळपासच्या मापाची रिंग घालू नका. रिंग जरा जाड असली तर पिस्टन अडतो, जरा बारीक असली तर गळती तशीच राहते. वरचे ॲलन स्क्रू थोडे थोडे, आळीपाळीने सैल करा आणि झाकण हाताने दाबून धरा, कारण खाली हेड व्हॉल्व्हची स्प्रिंग असते. प्रत्येक भाग काढायच्या आधी फोटो काढा आणि काढलेल्या क्रमाने कापडावर मांडा. रिंग काढायला टोकदार स्क्रूड्रायव्हर वापरला तर खाचेवर ओरखडा पडतो आणि नवी रिंगही त्या ओरखड्यातून गळते. मी बांबूची चपटी काडी वापरतो. जुनी रिंग हातात घेऊन नीट बघा: तिचा छेद गोल न राहता एका बाजूने सपाट झालेला असेल, किंवा ती कडक होऊन तडकली असेल, तर ती संपली आहे. पिस्टनची रिंग फुगून ढिली झाली असेल तर चुकीचं तेल घातलं गेलंय.

मग सिलिंडरच्या भिंतीवर नख फिरवा. गंजाचा डाग पुसला जात असेल तर काळजी नाही. नख अडेल इतका ओरखडा असेल तर नवी रिंगही आठवड्या-दोन आठवड्यांत खाल्ली जाते. माझ्या एका बंदुकीत मी पिस्टनची रिंग तीनदा बदलली आणि दर वेळी तीच तक्रार परत आली. चौथ्यांदा उघडल्यावर सिलिंडर उजेडात तिरका धरला, तेव्हा तळाशी गंजाने खाल्लेली एक रेष दिसली. रेग्युलेटरजवळचा पाण्याचा कप भरून वाहत होता आणि मी महिनोन्महिने तो रिकामा केला नव्हता. तेव्हापासून बंदूक हातात घेण्याआधी मी पाणी बघतो.

पाण्याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण बंदुकांना सर्वांत जास्त हानी त्यानेच होते आणि लोकांचं लक्ष तेलावर असतं. गेजवर ७ बार दिसत असताना हवा साधारण आठ पट दाबली गेलेली असते. आठ लिटर हवेतली वाफ एका लिटरमध्ये कोंबली जाते, आणि ती गरम हवा थंड झाली की वाफेचं पाणी होतं. ते टाकीच्या तळाशी साचतं, उरलेलं नळीत उतरतं आणि थेट बंदुकीत जातं. रोज काम संपल्यावर टाकीचा दाब कमी करून तळाचा कॉक उघडा आणि पाणी निथळू द्या. पाणी गाळणारा फिल्टर कॉम्प्रेसरला चिकटून बसवला असेल तर त्याचा उपयोग कमी होतो. तिथे हवा अजून गरम असते, पाणी वाफेच्याच रूपात त्यातून निघून जातं आणि पुढे नळीत थंड होतं. फिल्टर काही मीटर पुढे, हवा निवाल्यावर बसवा. थंडीच्या दिवसांत हेच पाणी व्हॉल्व्हमध्ये गोठतं आणि ओ-रिंगही कडक होतात, म्हणून सकाळी पहिले काही ठोके कमी दाबावर मारून बंदूक जागी करावी.

तेलाबद्दल तुम्ही नुसतं ‘घातलं’ एवढंच लिहिलंय. कुठलं घातलं? हवेच्या अवजारांसाठी वेगळं पातळ तेल मिळतं, त्यात डिटर्जंट नसतं. काम सुरू करताना हवेच्या तोंडात त्याचे दोन-तीन थेंब, दिवसभर सलग काम असेल तर दुपारी पुन्हा दोन थेंब. एवढं पुरे. गाडीचं इंजिन ऑइल जाड असतं, त्याने छोटे व्हॉल्व्ह चिकटतात. गंज सोडवणारे स्प्रे आधी सगळं सुटल्यासारखं भासवतात, पण जुना ग्रीस धुऊन नेतात आणि काही रबरं फुगवतात. पेट्रोल किंवा थिनरने बंदूक धुवायची तर गोष्टच सोडा. रबर तर जातंच, पण आत राहिलेली वाफ दाबली जाऊन पेट घेऊ शकते. ओ-रिंग बसवताना कंपनीने सांगितलेलाच ग्रीस बोटाने पातळसा लावा. बंदुकीवर ‘ऑइल-फ्री’ लिहिलं असेल तर तेल अजिबात घालू नका. तिच्यातली रबरं आणि ग्रीस वेगळे असतात. तेल जास्त झालं तर ते एक्झॉस्टमधून उडतं, लाकडावर डाग पडतो आणि त्या जागी पॉलिश धरत नाही. त्याच कॉम्प्रेसरवर स्प्रे गनही चालवत असाल तर तिची नळी वेगळी ठेवा.

एक गोष्ट पुन्हा आणि कळकळीने सांगतो. अडकलेला खिळा काढताना नळी काढाच, ट्रिगरवरून बोट काढणं पुरेसं नाही. आणि बंदुकीच्या बाजूला नेहमी मोकळा प्लग असावा, झडपेचा कपलर नळीच्या बाजूला. उलटं बसवलं तर नळी काढल्यावरही बंदुकीत हवा कोंडलेली राहते आणि ती एक ठोका मारू शकते. माझ्याबरोबर काम करणाऱ्या एका मुलाच्या तर्जनीतून खिळा गेला, तो याच उलट्या जोडणीमुळे. नळी काढली होती, म्हणून तो निर्धास्त होता. तोंडाची सेफ्टी (तोंड लाकडावर टेकल्याशिवाय ठोका पडू न देणारी) अडकते म्हणून ती दोरीने बांधून ठेवू नका. साफ करा, स्प्रिंग बदला. ऑक्सिजन किंवा दुसरा कुठला सिलिंडरचा गॅस कधीही जोडू नका, त्याने बंदूक फुटू शकते.

उघडावी की नवी घ्यावी? फुसफुस हेड व्हॉल्व्हची किंवा ट्रिगरची असेल, सिलिंडर गुळगुळीत असेल आणि अंगाला तडा नसेल तर उघडा. रबरं बदलायला पहिल्यांदा एक संध्याकाळ जाईल, दुसऱ्यांदा तासाभरात होईल. सिलिंडर खाल्लेला असेल तर त्याच्या सुट्या भागाची किंमत विचारा आणि ती नव्या बंदुकीच्या निम्म्याहून जास्त असेल तर नवी घ्या. अंगाला तडा असेल तर ती बंदूक कुणाला देऊही नका. दाबाखालचं अंग फुटलं तर समोरच्याचा डोळा जातो.

दुरुस्तीनंतर झाकणाचे स्क्रू समोरासमोरच्या क्रमाने आवळा, तेलाचे दोन थेंब घाला, दाब ६० वर ठेवा आणि खिळे न घालता नळी जोडा. फुसफुस नसेल तर नळी काढून खिळे भरा, परत जोडा आणि मऊ लाकडात पाच ठोके मारा. डोकं वर राहील, राहू द्या. आता दाब पाच-पाचने वाढवत जा आणि जिथे डोकं लाकडाच्या पृष्ठभागाच्या किंचित खाली बसेल तिथे थांबा. ठोक्याच्या झटक्याने बंदूक उचलली जाऊ नये म्हणून ती मागून घट्ट धरा, कारण सैल हातानेही खिळा वर राहतो आणि माणूस पुन्हा रेग्युलेटरकडे वळतो. शेवटी तुमच्या कामाचं कठीण लाकूड घ्या आणि तीस खिळे भराभर मारा. तिसावा खिळा पहिल्याइतकाच बसला तर तो आकडा रेग्युलेटरवर खडूने लिहून ठेवा. नाही बसला तर फुसफुस नेमकी कुठून येते आणि थांबून मारलेल्या खिळ्यांचं काय झालं, हे दोन्ही मला लिहा.